वही कोणाच्या हाती?

(स्त्री मंडळांच्या अभ्यासाकरिता)



खेड्यातील भगिनींकरिता आपल्या मंडळीने काहीतरी करावे असा ठराव बहुतेक वार्षिक सभांतून होतो, आणि त्या 'काहीतरी'चे रूप बहुधा शिवणयंत्र हेच असते. आम्हीही ते केले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या स्त्री मंडळाने वर्गणी जमवून एका खेड्यात चार यंत्रे नेली, तीन महिन्यांचा शिवणवर्ग चालविला, शेवटी लहानसा समारंभ करून प्रमाणपत्रे वाटली. फोटो निघाले, अहवालात अर्धे पान भरले. पुढल्या वर्षी त्या गावी पुन्हा जाण्याचा प्रसंग आला तेव्हा एक यंत्र चालू होते, दोन कापडाखाली झाकलेली होती, आणि चौथ्यावर कोणीतरी पाण्याची घागर ठेवली होती.

आम्हाला वाईट वाटले, आणि खरे सांगावयाचे तर थोडा रागही आला. एवढे केले, आणि ह्या बायकांनी त्याची किंमत ठेवली नाही! परंतु ओट्यावर बसून चहा घेताना एक वडीलधारी बाई सहज बोलून गेल्या ते आमच्या मनातून अजून जात नाही. त्यांनी सांगितले की गावात शिंपी आहे, आठवड्याच्या बाजारात तयार कपडे मिळतात, आणि गावातल्या बायका वर्षाकाठी दोन-तीन पोलकी शिवून घेतात. मग वीस जणींनी शिवावे तरी कोणाकरिता? हे आधी का सांगितले नाही असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, विचारले कोणी?

त्या वर्गाच्या जमाखर्चाची वही कोठे होती, हेही येथे कबूल केले पाहिजे. ती आमच्याकडे होती, शहरातल्या कपाटात. सूत, सुया, कापड, शिक्षिकेचे मानधन हे सारे आम्ही लिहीत होतो. ज्या भगिनींच्या नावाने हा खर्च चालला होता, त्यांपैकी एकीनेही ती वही उघडून पाहिली नव्हती. आजचा पाठ त्या वहीविषयी आहे.

खेड्यातील स्त्रियांच्या संघटनेला बळ द्यावयाचे म्हणजे काय करावयाचे, ह्याचा एक चांगला दाखला सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातील म्हसवड येथे आहे. माणदेश हा पाऊस चुकविणारा मुलूख. पुरुष कामाकरिता बाहेर पडतात, आणि घर, गुरे, मुले व जमेल ती मजुरी बायकांकडे राहते. तेथे राहावयास आलेल्या चेतना गाला सिन्हा यांच्याकडे एके दिवशी लोहारकाम करणारी एक बाई आली. पावसाळ्याआधी झोपडीवर घालण्यास प्लॅस्टिकचा कागद घ्यावयाचा, त्याकरिता तिला रोज थोडे पैसे मागे टाकावयाचे होते. परंतु एवढ्या लहान रकमेचे खाते बँक उघडीना. ती दान मागत नव्हती, कर्जदेखील मागत नव्हती. स्वतःचेच पैसे सुरक्षित ठेवण्याची जागा तेवढी तिला हवी होती.

तेव्हा बायकांचीच सहकारी बँक काढावी असे ठरले आणि परवान्याकरिता रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. तो परत आला. अर्ज करणाऱ्यांपैकी कित्येक जणींनी सहीच्या जागी अंगठा उठविला होता. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्या बँकेला परवाना कसा द्यावा, असा आक्षेप होता. येथवरची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. खेड्यातील गरिबाचा अर्ज परत येतो, ह्यात नवल नाही. नवल पुढे आहे. बायकांनीच सांगितले की रडत बसण्याचे कारण नाही, आम्हाला लिहावयास शिकवा. दिवसभराचे काम उरकून रात्री वर्ग भरू लागले. काही महिन्यांनी त्यांतल्या काही जणी स्वतः मुंबईस गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती हा आमचा दोष नव्हे. आम्हाला हिशेब येतो. कोणत्याही रकमेवरचे व्याज सांगावयास लावा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्रावाचून तेच करावयास सांगा. कोणाचे आधी होते ते पाहू. परवाना मिळाला, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आम्हाला ह्या गोष्टीत दोन बाबी फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की हिशेब त्या बायकांना येतच होता. बाजारात बसणाऱ्या बाईला तोंडी व्याज कळते, कारण ती रोज सावकाराला ते देत असते. नव्हते ते अक्षर, आणि त्या ज्ञानाला मान देणारे कोणी. दुसरी ही की शिक्षण त्यांनी मागून घेतले होते. आपण नेलेला वर्ग आणि त्यांनी मागितलेला वर्ग ह्यांत फार अंतर असते, मग पुस्तके तीच का असेनात.

बँक निघाली म्हणून अडचणी संपल्या नाहीत, आणि तेथील माणसांची थोरवी आम्हाला ह्या पुढच्या भागात अधिक दिसते. बाया बँकेत येईनात, कारण यावयाचे तर दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा बँकच त्यांच्या दारी व बाजारात जाऊ लागली. मग बाया खातेपुस्तक घरी नेईनात. नवऱ्याच्या दृष्टीस पडले की शिल्लक मागून घेतली जाते. त्यावरही तोड काढावी लागली: शिल्लक कागदावर न दिसता कार्डात राहील अशी सोय केली गेली. पुढे उद्योगाचे शिक्षण देणारी शाळा निघाली, ती बसगाडीत घालून गावोगाव नेली गेली. शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे काम शिकून गावोगाव फिरणाऱ्या बायकाही तयार झाल्या. प्रत्येक वेळी अडचण काय आहे हे बायकांनी सांगितले आणि संस्थेने आपला बेत बदलला. आपण आपला बेत शेवटी केव्हा बदलला?

२०१२ च्या दुष्काळातील एक प्रसंगही सांगण्याजोगा आहे. एक शेतकरी बाई दागिना गहाण ठेवण्यास बँकेत आली. कशाकरिता, तर गुरांना चारा घ्यावयाचा. परंतु चारा आणि पाणी मिळणारच नसेल तर पैसे घेऊन तरी ती काय करणार? तुम्ही आम्हाला धंदा शिकविता, परंतु पाणीच नसेल तर धंदा कसला, असा तिचा सवाल होता. त्यावरून म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. आम्हाला हा सवाल आपल्या सर्व प्रशिक्षणवर्गांच्या दारावर लिहून ठेवावा असा वाटतो. गुरे दारातून निघून चालली असता बाईला हिशेब शिकविणे म्हणजे तिची थट्टा आहे.

आता थोडे मागे पाहू. स्त्रियांना हुन्नर शिकवून पायावर उभे करण्याचे काम आपल्या मंडळ्यांना नवे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात व नंतर अनेक निराधार स्त्रिया व मुली केडगावला मुक्ती सदनात आल्या. तेथे शिवण व विणकाम होतेच, परंतु शेती होती, दूधदुभते होते आणि छापखाना होता. रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर तेथील मुलींनीच खिळे जुळवून छापले. शंभर वर्षांपूर्वी जर केडगावच्या मुली छपाईचे यंत्र चालवीत होत्या, तर आज आपल्याला स्त्री म्हटली की सुई-दोराच का आठवावा, हे आम्हाला उलगडत नाही. कदाचित दुर्कसेचा दाखला आपल्या फार अंगवळणी पडला असेल. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीविषयी आपण प्रवचने ऐकतो, तीही चातीपाशीच थांबतात. ती शेत पाहून पारखून विकत घेते, व्यापाऱ्याला माल देते, आपल्या व्यवहारात लाभ आहे की नाही हे तिला समजते, ह्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती वही स्वतः पाहत असली पाहिजे.

सरकारी खटपटही थोडी समजून घ्यावी. १९८२ साली ग्रामीण भागातील स्त्रिया व बालके ह्यांच्या विकासाची एक योजना ५० जिल्ह्यांत सुरू झाली. तीत दहा-पंधरा स्त्रियांचा गट करून त्याला फिरत्या भांडवलाकरिता रक्कम देत. पुष्कळ ठिकाणी असे झाले की रक्कम येणार म्हणून गट झाला, आणि रक्कम संपली तेव्हा गटही संपला. त्याच दशकात कर्नाटकात मायराडा ह्या संस्थेने उलट्या टोकाने काम आरंभिले: आधी एकमेकींवर विश्वास असलेल्या माणसांनी जमावे, आपली बचत करावी, आपसांत कर्ज द्यावे, आणि मग बाहेरच्या पैशाचे पाहावे. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला तो ह्याच अनुभवाच्या आधाराने. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपले 'माविम', आणि २०११ च्या राष्ट्रीय अभियानातून आलेली 'उमेद' ही दोन नावे आज खेडोपाडी ठाऊक आहेत. कर्नाटकात 'स्त्रीशक्ती'चे गट आहेत. आपल्या बहुतेक वाचकांच्या आसपास असा एखादा गट असेलच.

गटाचे काम चालते ते असे. दहा ते वीस स्त्रिया दर आठवड्यास वा महिन्यास एका ठरलेल्या दिवशी बसतात. ठरलेली बचत प्रत्येकजण देते. जमलेल्या पैशातून गरजेप्रमाणे एकीदोघींना कर्ज मिळते, हप्ते परत येतात, आणि हे सारे सर्वांसमोर वहीत लिहिले जाते. बैठक, बचत, आपसांतील कर्ज, परतफेड आणि लेखे, ह्या पाच गोष्टींना गटाची पंचसूत्री म्हणतात. ह्यांत पाचवी निसटली की पहिल्या चारांना अर्थ उरत नाही. आणि नेमकी तीच गोष्ट गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाकडे किंवा सचिवाच्या नवऱ्याकडे 'लिहून दे बाबा' म्हणून सोपविली जाते.

लेखे कळणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहावे. दोन जणींनी दहा हजार रुपयांचे कर्ज शेकडा दोन रुपये दरमहा व्याजाने घेतले, आणि दोघींनी दहा महिन्यांत दरमहा एक हजार मुद्दल फेडले. पहिलीला गटाने कर्ज दिले होते, आणि तिचे व्याज दर महिन्यास उरलेल्या रकमेवर धरले: पहिल्या महिन्यात २०० रुपये, दुसऱ्यात १८०, तिसऱ्यात १६०, आणि शेवटी २०. बेरीज ११०० रुपये. दुसरीला बाहेरच्याने कर्ज दिले आणि दर महिन्यास पूर्ण दहा हजारांवर २०० रुपये घेतले. बेरीज २००० रुपये. दर दोघींना एकच सांगितला होता: शेकडा दोन! नऊशे रुपयांचा फरक कोठे पडला हे ज्या गटातल्या प्रत्येक बाईला सांगता येते, त्या गटाचे प्रशिक्षण झाले असे आम्ही म्हणू. शिवाय पहिलीचे ११०० रुपये गटाच्याच पेटीत राहिले, हेही तिला सांगता आले पाहिजे.

धंद्याचेही असेच आहे. समजा, दोघींनी शेंगदाण्याची चटणी करून विकावयाचे ठरविले. दहा किलो दाण्याला १४०० रुपये, मिरची-लसूण-मिठाला ३५०, पिशव्यांना १५० आणि गॅस व दळणाला १०० असे २००० रुपये खर्च झाले. पाव किलोच्या आतल्या, दोनशे ग्रॅमच्या, पन्नास पिशव्या झाल्या. दर पिशवी ४५ रुपयांना गेली. आले २२५०. अडीचशे रुपये नफा झाला म्हणून दोघी आनंदात घरी गेल्या. परंतु दोघींचे दोन-दोन दिवस गेले. दिवसाची मजुरी अडीचशे धरली तरी १००० रुपये झाले. बाजारला जाण्यायेण्याचे १०० रुपये एस.टी.ला दिले. म्हणजे खर्च ३१०० आणि पदरात २२५०. ही चटणी ६२ रुपयांच्या खाली विकली की नुकसान, आणि ६२ ला विकली तरी नफा काहीच नाही. दुकानदाराने आपला वाटा मागितला म्हणजे आणखी चढेल. एवढ्या किमतीला ती कोण घेणार, हा प्रश्न चटणी कुटण्याआधी विचारावयाचा असतो. स्वतःच्या श्रमाची किंमत वहीत न लिहिण्याची सवय आपल्या स्त्रियांना माहेराहूनच लागलेली असते. ती मोडणे हे पदार्थ शिकविण्याहून कठीण आहे.

हिशेब न कळता कर्ज हाती आले म्हणजे काय होते, ते हैदराबादकडील वाचकांनी जवळून पाहिले आहे. त्या वेळच्या आंध्र प्रदेशात खेडोपाडी स्त्रियांचे गट होते, आणि अशाच गटांना खाजगी कंपन्या दारी येऊन कर्ज देऊ लागल्या. कागद थोडे, पैसे तात्काळ, हप्ता आठवड्याचा. एकीचा हप्ता चुकला की इतरांनी भरावयाचा. एका कंपनीचा हप्ता भरण्यास दुसरीचे कर्ज, दुसरीचा भरण्यास तिसरीचे. ज्या शेजारणी एकमेकींच्या आधाराकरिता जमल्या होत्या त्याच एकमेकींच्या दाराशी वसुलीस बसू लागल्या. कर्जाच्या तगाद्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढून ह्या कंपन्यांना नोंदणी, महिन्याचा हप्ता व जुलमाच्या वसुलीवर बंदी अशी बंधने घालावी लागली. गट म्हणजे एका दारातून वीस घरे गाठण्याची सोय, असे ज्याने पाहिले त्याने गटाचा असा उपयोग केला. आपण मंडळीच्या नावाने गट काढतो तेव्हा आपणही त्याकडे कशाकरिता पाहत आहोत, हे स्वतःस विचारलेले बरे. अहवालातील संख्या हीही एक प्रकारची वसुलीच असते.

मग मंडळीने करावे तरी काय? आमच्या मते पैशापेक्षा तीन-चार साध्या गोष्टी अधिक लागतात. आपल्यात शिक्षिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ गटाबरोबर बसावे, परंतु लेखणी हाती घेऊ नये. हे दिसते तितके सोपे नाही. अर्ध्या तासाचे काम दोन तास चाललेले पाहत स्वस्थ बसणे आम्हा शिकलेल्यांना फार जड जाते. आमच्यापैकी एक भाऊ तर पहिल्या दोन बैठकांत वही ओढून घेण्याच्या बेतात होते. तिसरीला ते हात खिशात घालून बसले.

बेळगाव, निपाणी, बिदर ह्या बाजूच्या मंडळ्यांना आणखी एक काम आहे. सरकारी कागद कानडीत, बाई बोलते मराठी, आणि वाचता येते ते जेमतेम. अशा गटाने आपली रोजची वही ज्या लिपीत तिला वाचता येईल त्या लिपीत ठेवावी आणि बँकेकरिता दुसरी प्रत करावी. दोन्ही भाषा येणारी माणसे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत, त्यांनी ह्या प्रती ताडून द्याव्या. तेलंगणात तेलुगूची आणि बडोद्याकडे गुजरातीची गोष्ट हीच.

आणि आता मोबाइल आला आहे. अनुदान खात्यात जमा होते, हप्ता खात्यातून कापला जातो, आणि त्याचा निरोप ज्या फोनवर येतो तो बहुधा नवऱ्याच्या वा मुलाच्या खिशात असतो. म्हसवडच्या बायकांनी खातेपुस्तक घरी नेण्याचे का नाकारले ते आठवावे. कपाटातली वही खिशात गेली, इतकाच बदल कित्येक घरांत झाला आहे. ज्या स्त्रीच्या नावाने खाते आहे तिच्या हाती फोन असावा, शिल्लक कशी पाहावी हे तिला यावे, आणि गुप्त आकडा कोणालाही, अगदी पाळकांनाही, सांगावयाचा नसतो हे तिला ठाऊक असावे. एवढे एका दुपारी शिकविता येते.

त्या चार यंत्रांचे पुढे काय झाले असे वाचक विचारतील. दोन विकावी असे त्या बायकांनीच ठरविले. आम्हाला ते रुचले नाही, देणगीदारांना काय सांगावे हा प्रश्न होता. परंतु यंत्रे त्यांची होती. आलेले पैसे त्यांनी गटाच्या पेटीत घातले, आणि त्यातून पहिले कर्ज एकीला शेळीकरिता मिळाले. राहिलेल्या दोन यंत्रांवर शाळेच्या पिशव्या शिवल्या जातात, पोलकी नव्हेत. हे काम कितीसे टिकेल ते आम्ही सांगू शकत नाही. वही तेथेच आहे. ती पाहावयाची तर आता आम्हाला परवानगी मागावी लागते.

अभ्यासाकरिता: पुढल्या बैठकीला येताना प्रत्येक भगिनीने आपल्या घरातील एका कामाचा, मग ते लोणचे असो, दूध असो वा शिवण, खर्च लिहून आणावा आणि त्यात आपल्या श्रमाचे तास धरावे. आपल्या मंडळाने गेल्या पाच वर्षांत खेड्यातील स्त्रियांकरिता जो खर्च केला त्याची वहीही त्या दिवशी मधोमध ठेवावी. तीत त्या स्त्रियांपैकी कोणाचे अक्षर आहे का, ते पाने उलटून पाहावे.